रविवारच्या भरिताची पैज

"वहिनी, खरं सांगू? राग मानू नका. भरीत हा बाईमाणसाचा प्रांतच नव्हे."

यशवंत भंगाळे हे माझ्याच ओट्यावर, माझ्याच वेताच्या खुर्चीत बसून, मीच केलेला चहा बशीत ओतता ओतता बोलले. डिसेंबरातला रविवार, संध्याकाळचे सहा वाजलेले. सकाळी आठला गेलेली चार माणसं शेतावरून नुकतीच परतली होती. पोटं भरलेली, तोंडात पान. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नेहमीप्रमाणे स्टीलचा डबा माझ्या हातात दिला होता. डब्यात भरीत. नेहमीप्रमाणे थंडगार.

मी मूळची वाईची. आमच्याकडे भरीत म्हणजे दह्यातलं, ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर वाढायचं. लग्न होऊन भुसावळला आले तेव्हा कळलं की खानदेशात भरीत डावीकडे बसत नाही, ते सगळं ताट व्यापतं. हिवाळा लागला की रविवारी पुरुष टोळ्या करून शेतावर जातात, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर हिरवी, हातभर वांगी भाजतात, मिरच्या-लसणासकट लाकडी काठवटीत ठेचतात आणि दिवसभर खातात. वांग्यासाठी एवढा उत्सव कशाला, असं मला पहिल्या वर्षी वाटलं होतं. मग डब्यातलं बोटभर चाखलं आणि वाटायचं थांबलं.

थंड असून ते असं, तर गरम कसं असेल? या एका प्रश्नावर मी नऊ हिवाळे काढले होते.

"आम्हाला एकदा न्या की," मी दरवर्षी म्हणायची.

"बायका कशाला तिथे? धूर असतो, काटेकुटे असतात," हे म्हणायचे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सहा दिवस कानाला यंत्र लावून लोकांची लग्नं, मयतं आणि भांडणं जोडून द्यायची. सातव्या दिवशी पोरांची डोकी, गाद्यांना ऊन, दळण, आणि जेवणाच्या वेळेला हमखास टपकणारे पाहुणे. ह्यांना रविवार असायचा. मला नुसता सातवा वार असायचा.

त्या संध्याकाळी ओट्यावर माझी शेजारीण नलिनी नेहेतेही होती. ती शाळेत शिकवायची, आणि तिचे यजमान त्या चौकडीतले दुसरे. तिसरे तडवीसाहेब, वनखात्यातले. त्यांची बायको सायरा सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. आणि चौथे, म्हणजे खरं तर पहिले, हे भंगाळे भाऊ. शेत त्यांचं, मोटारसायकल त्यांची, मतंही त्यांचीच. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बायकांविषयी त्यांना सगळं ठाऊक होतं.

"प्रांत नाही म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे मनगट लागतं. जाळाचा अंदाज लागतो. गॅसवर चार वांगी भाजणं निराळं आणि पऱ्हाट्यांवर निराळं. नऊ वर्षं झाली बघा, आम्ही चार माणसं आणि आमचे आठ हात. काय दिगू?"

ह्यांनी मान डोलावली. माझ्या नवऱ्याचा हा एक गुण आहे. मान डोलावताना ते डोळे मिटून घेतात, म्हणजे त्यांना काही दिसत नाही.

"आम्ही करून दाखवलं तर?" मी म्हणाले. मी असं बोलेन हे मलाही माहीत नव्हतं. नलिनीने माझ्याकडे चमकून पाहिलं.

"करून दाखवलं तर..." भाऊंनी बशी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं, आणि जिंकण्याची खात्री असलेला माणूस जसा उदार होतो तसे उदार झाले. "तर महिन्यातले दोन रविवार तुमचे. शेत तुमचं. त्या दिवशी पोरं, घर, आलंगेलं सगळं हे तिघे सांभाळतील. आहे कबूल?"

"तुमचं काय जातंय कबूल करायला?" नेहेतेसर पुटपुटले.

"आणि नाही जमलं," भाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तर रविवारच्या नावाने पुन्हा कुरकुर ऐकू येता कामा नये. आणि हात तुम्हा तिघींचेच पाहिजेत. चौथ्या कुणाचा हात लागला की पैज गेली. एक वाजता आम्ही जेवायला येऊ. उपाशी ठेवू नका म्हणजे झालं."

"कबूल," मी म्हणाले.

ते गेल्यावर नलिनी म्हणाली, "अगं हेमा, मी इथलीच आहे, पण शेतावरचं भरीत मीसुद्धा कधी केलं नाही. माहेरीही बाप्येच करायचे. तुला येतं का?"

"नाही."

"मग?"

"सायराला विचारू."

सायराला विचारलं. ती म्हणाली, "मला बाळंतपण येतं."

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तिघी दोन लुनांवर यावल रस्त्याने निघालो. मागे पिशव्यांत वांगी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची बाटली आणि सायराने घरून करून आणलेल्या कळण्याच्या भाकरी. ज्वारी-उडदाची ही भाकरी ती थापते तशी सगळ्या गल्लीत कुणी थापत नाही. वांगी नलिनीने निवडली होती, एकेक हातात तोलून. हलकं घ्यायचं, जड वांग्यात बिया, एवढं तिला आजीकडून माहीत होतं. मी मात्र वाटेत तीनदा थांबून पिशव्यांतलं सामान मोजलं. हसू नका. परीक्षेलाही माझी अशी गत कधी झाली नव्हती. हरले असते तर मला पुढची सगळी वर्षं त्या डब्याचं झाकण गुपचूप उघडावं लागणार होतं, आणि वर भाऊंचा चहा.

शेतावर चिटपाखरू नव्हतं. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला वेचून संपलेली कपाशी, मध्ये लिंबाखाली मोकळी जागा, एक खाट, आणि पलीकडे कुडाचा गोठा. पऱ्हाट्यांचा ढीग तयारच होता. काठवट आणि ठेचायचा दांडका खाटेखाली पालथे घातलेले.

आम्ही पऱ्हाट्या रचल्या, काडी ओढली. पऱ्हाटी वाळकी असली की पेटते आणि नुसती पेटत नाही, भडकते. नलिनी किंचाळून मागे सरली. मी पदर खोचून लांबूनच एकेक वांगं जाळात फेकलं, पहिली आठ. पाच मिनिटं सगळं झकास चाललं. मग फाट असा आवाज झाला आणि एक वांगं फुटून त्याचा गर सायराच्या चष्म्यावर येऊन बसला. पाठोपाठ दुसरं फुटलं. तिसरं फुटलं.

"अगं बाई, हे काय बॉम्ब आहेत का?" नलिनी ओरडली.

"टोचले नही का ओ वांगे?"

आवाज आमच्यापैकी कुणाचा नव्हता. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"सुरीनं टोचा लागते नं पह्यले, अन् तेलाचा हात फिरवा लागते. नही तं फुटतीनच!"

आवाज गोठ्यातून येत होता. आम्ही धावलो. आत एक पन्नाशीची, काटक बाई एका बकरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बकरीचं पोट फुगलेलं, डोळे वर फिरलेले.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी धुरपता. रखवालदाराची बायको. तुमी भाऊच्या दोस्ताईच्या घरच्या नं? मले भाऊनं सांगतलं होतं का या इतवारी शेतावर राहू नको, बहिनीकडे जाय. पन हिचे दिवस भरले. हिले टाकून कशी जाऊ?"

"भाऊंनी तुम्हाला जायला सांगितलं? का?"

"मले काय माहीत? नऊ वर्सांत कधी सुट्टी देली नही. म्या म्हनलं, आज भरीत कोन करीन मंग? तं म्हने, आज नही लागत."



"भरीत कोण करीन म्हणजे?" नलिनीने हळूच विचारलं. "भरीत तर ती चौघं करतात ना?"

धुरपताबाईने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू शहाण्यासारख्या दिसणाऱ्या तीन बायका एकाएकी येड्या निघाल्या.

"ते?" ती म्हणाली. "ते पत्ते खेयतात."

नलिनी खाली बसली. आधी मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती हसत होती, आवाज न करता, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत. सायराने चष्म्यावरचा गर पुसला आणि म्हणाली, "आठ हात!"

मला हसू आलं नाही. मला आधी संताप आला. नऊ वर्षं मी ह्यांचे रविवारचे कपडे सोमवारी धूत होते. सदऱ्याला कधी धुराचा वास आला नव्हता. धूर असतो म्हणून बायकांना न्यायचं नाही, आणि सदऱ्याला मात्र साबणाचाच वास! मी नऊ वर्षं ते कपडे पिळले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. राग ह्यांचा आला त्याहून जास्त माझाच आला.

धुरपताबाई उठायला लागली. "सरका, मी करून देते. दोन घंट्यात होते. हिले जरा पकडा."

एक वाजता कुणाला काय कळणार होतं? मी कबूल करते, मोह झाला. त्या चौघांनी नऊ वर्षं जे केलं ते आपण एक दिवस केलं तर कुठे बिघडलं? नलिनीच्या तोंडावरही तेच लिहिलेलं होतं.

"नको," मी म्हणाले.

"नको?" नलिनी म्हणाली.

"हात आपलेच पाहिजेत. मला हे खरोखर जिंकायचंय, नलू. त्यांच्यासारखं नाही."

"अगं, पण येतंय कुणाला?"

मी धुरपताबाईकडे वळले. "तुम्ही इथून उठू नका. काठवटीला हात लावू नका. फक्त सांगा. आम्ही करतो."

"सांगू? भरीत सांगून होते का कुठी?"

तेवढ्यात बकरीने असा हंबरडा फोडला की पुढचं बोलणं राहिलं. सायराने वाकून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरची गंमत गेली.

"एकच पाय आलाय," ती म्हणाली. "दुसरा आत दुमडलाय. बाई, गरम पाणी आहे? साबण? हेमा, नलू, तुम्ही दोघी जाळाकडे बघा. मी इथून हलत नाही."

अशी आमची फौज निम्मी झाली. गोठ्यात सायरा आणि धुरपताबाई, बाहेर मी आणि नलिनी, आणि मध्ये कुडाची भिंत. त्या भिंतीतून पुढचे दोन तास जो कारभार चालला तसा मी ना एक्स्चेंजमध्ये पाहिला, ना कुठे.

"टोचलं का?" आतून.

"टोचलं!" बाहेरून.

"तेल?"

"लावलं!"

"मंग पऱ्हाट्या खाली दाट, वर पातय. वांगे फेकू नका, मांडा. देठ बाहीर ठेवा. देठाले धरून फिरवा लागते नं."

"पाय सापडला!" हा सायराचा आवाज.

"सापडला?" मी जाळाशी वाकलेली.

"तुम्ही वांगी बघा!"

फुटलेली वांगी सोडून आणलेली बाकी सगळी आम्ही मांडली. धुराने डोळे चुरचुरत होते. माझ्या मनगटावर ठिणगी उडून फोड आला, नलिनीच्या पदराला भोक पडलं. देठाला धरून वांगं फिरवताना पहिल्यांदा ते निसटून राखेत पडलं, दुसऱ्यांदा नाही. हिरवी सालं काळी पडली, सुरकुतली, आणि अंगचा रस सुटून निखाऱ्यावर चुरचुरायला लागला. त्या वासाला मी ओळखत होते, फक्त इतक्या जवळून नाही.

"झालं वाटतं!" मी ओरडले.

"बोट लावून पहा. मऊ लागलं का काढा अन् घमेलं पालथं घाला वरतून. दम खाऊ द्या."

दम खाऊन झाल्यावर सोलायला बसलो. सालं बोटांना चिकटत होती, गर चटके देत होता. नलिनीने शहाणपणा करून वांगं पाण्याच्या बादलीत बुडवायला नेलं, तेव्हा गोठ्यातून जणू भिंतीला डोळे असावेत तसा आवाज आला.

"पानी लावू नका! पान्यानं चव धुऊन जाते!"

"दिसतंय का तुम्हाला?" नलिनी दचकून म्हणाली.

"बादलीची कडी वाजली नं."

मग मिरच्या त्याच निखाऱ्यात भाजल्या, लसूण सोलला आणि ठेचायला घेतलं. काठवट मांडीशी धरून दांडक्याने ठेचायचं, चेचायचं नाही. हा फरक मला भिंतीपलीकडून तीनदा समजावून सांगावा लागला. चौथ्यांदा धुरपताबाई म्हणाली, "आवाज आयका. धप धप वाजलं तं चुकलं. पुक पुक वाजलं पाहिजे." आम्ही आवाज ऐकत ठेचत राहिलो. खांदे भरून आले. मनगट लागतं एवढं भाऊंचं खरं होतं, फक्त ते मनगट कुणाचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी तेल तापवून त्यात शेंगदाणे आणि कांद्याची पात टाकली, त्यावर ठेचलेलं वांगं लोटलं, आणि त्याच वेळी गोठ्यातून सायराची आरोळी आली. टेलिफोनवर मी नाना तऱ्हेच्या आनंदाच्या आरोळ्या ऐकल्या आहेत. ही त्या सगळ्यांत वरची.

"झालं! करडू झालं! आणखी एक आहे!"

"दुसरं येईन आपोआप, पाय मोकये झाले आता," धुरपताबाई म्हणाली. आणि त्याच दमात, "मीठ टाकलं का?"

नव्हतं टाकलं.

मीठ टाकून, ढवळून मी पातेलं उतरवते तोच रस्त्याकडून मोटारसायकलीचा आवाज आला. एकला दहा कमी. भाऊ पुढे, मागे ह्यांची स्कूटर. पोरं त्यांनी सांभाळायची होती, ती नेहेतेसरांच्या आईकडे लोटून आले होते. तडवीसाहेबांच्या हातात प्लास्टिकच्या दोन पिशव्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही," तडवीसाहेब ओशाळून म्हणाले. "शेवभाजी. हॉटेलातली. म्हटलं, असू द्यावी बरोबर."

"उपाशी नको राहायला," भाऊ खुशीत म्हणाले. माझा काळवंडलेला चेहरा, नलिनीचा भोक पडलेला पदर पाहून त्यांची खुशी आणखी वाढली. "काय वहिनी, वांगी फुटली की नाही?"

"फुटली," मी म्हणाले. "बसा."

आम्ही पानं मांडली. कळण्याची भाकरी, वर वाफाळतं भरीत, बाजूला कांदा. आम्ही दोघी उभ्याच राहिलो. मी पदराने तेच हात पुन्हा पुन्हा पुसत होते. इतका वेळ कामात होते तोवर ठीक होतं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नेहेतेसरांनी पहिला घास घेतला आणि खाली बघून दुसरा घेतला. तडवीसाहेबांनी पिशव्या पायाने हळूच खाटेखाली सरकवल्या. ह्यांनी घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच डोळे न मिटता मान डोलावली.

भाऊ चावत राहिले. एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा काठवटीकडे. चेहरा उतरत चालला होता, आणि मग एकाएकी उजळला. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"पैज गेली!" ते ओरडले. "हे तुमच्या हातचं नाही! मला फसवता? नऊ वर्षं खातोय मी, डोळे बांधून ओळखीन. हा धुरपताचा हात आहे!"



आपण काय बोललो ते भाऊंच्या कानापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. ते पोचताना दिसत होतं. आधी थाप मारलेला हात मांडीवरच राहिला. मग कान लाल झाले. मग त्यांनी आधारासाठी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे भाकरीचा तुकडा इतक्या बारकाईने न्याहाळत होते, जणू त्यावर काही छापलेलं आहे.

"नऊ वर्षं?" नलिनीने गोड आवाजात विचारलं. "कुणाच्या हातचं म्हणालात, भाऊ?"

तडवीसाहेब आधी फुटले. असे हसले की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. त्यांच्या मागोमाग नेहेतेसर. गोठ्याच्या दारात सायरा उभी होती, कोपरापर्यंत बाह्या वर केलेली. तिच्यामागून धुरपताबाई आली. तिच्या काखेत एक, कमरेवर एक अशी दोन ओली करडं होती.

"भाऊ, म्या हात नही लावला," ती म्हणाली. "आईची आन. माहे हात कुठी रिकामे होते? इचारा या नर्सबाईले. दोघींनीच केलं, मी नुसती आतून वरडत होती."

भाऊ उठले. मला वाटलं आता रागावून निघून जातील. पण ते काठवटीपाशी गेले, माझ्या मनगटावरचा फोड पाहिला, नलिनीचे काळे हात पाहिले, आणि एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा कान खाजवत उभा राहिला.

"हरलो," ते म्हणाले. "दोन रविवार तुमचे."

"अहो, मला..." हे काहीतरी बोलायला गेले.

"तुम्ही घरी बोला," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. इतका आनंद झाला होता की तो लपवण्यासाठी मला कठोर व्हावं लागत होतं.

आम्ही बायका जेवायला बसलो. मी धुरपताबाईला हाताला धरून खाटेवर बसवलं. ती बसेना, "मी मागून खाते, भांडे घासल्यावर," असं तिचं चाललं होतं. सायराने करडं तिच्या हातातून काढून घेतली, तेव्हा नाइलाजाने बसली. मी तिला वाढलं. मग माझं पान घेतलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते गरम खाल्लं. जीभ भाजली. कसं लागलं ते मला सांगता येत नाही, फक्त मी रडले, आणि मिरची तिखट आहे असं सगळ्यांना सांगितलं.

धुरपताबाईने एक घास घेतला आणि थांबली.

"कमी पडलं का काही?" मी घाबरून विचारलं.

"नही," ती म्हणाली. "मले कधी गरम नही भेटलं. काठवटीले लागलेलं खरवडून खात होती मी. हे असं लागते का?"

मी पातेलं तिच्यापुढे सरकवलं.  ती शांतपणे दोन भाकरी खाऊन गेली. मग हात पुसून तिने विचारलं, "कशाची वाटनी चालली होती आता? दोन कोनाचे, दोन कोनाचे?"

"रविवार," मी सांगितलं. "महिन्यातले दोन आमचे झाले. दोन त्यांचे."

ती विचारात पडली. तिने बोटांवर काहीतरी केलं, आणि आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"आजपावतो यायनं इतवार केला, अन् वांगे मी ठेचले," ती म्हणाली. "आता तुमी कराल. तं माहा कोनता?"

भाऊंनी घसा साफ केला. हे पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.  विजयाच्या भरात चार रविवार वाटून झाले होते आणि ज्या बाईच्या आवाजावर मी जिंकले तिच्या वाट्याला पुन्हा खरवडणंच आलं होतं. माझ्याही हे ध्यानात आलं नव्हतं. मी पुढच्या रविवारी येणार होते, बसणार होते, आणि बहुधा म्हणणार होते, धुरपताबाई, तेवढं ठेचता का?

मी भाऊंकडे वळले. "तुमच्या दोनांतला एक द्या."

"अहो वहिनी, आधीच अर्धे गेले..."

"आठ हात आहेत ना? एक रविवार पुरे होईल."

तडवीसाहेब पुन्हा हसायला लागले. नेहेतेसर म्हणाले, "देऊन टाक रे यशवंता, आणखी बोललास तर तोही जाईल." ह्यांनी डोकं वर केलं, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "द्या भाऊ. आणि तिच्या रविवारी वांगी आपण भाजू. आपण चौघं. शिकू."

भाऊंनी हात टेकले. "बरं, घे बाई, एक तुझा. तिसरा. पगारी. झालं समाधान?" मग त्यांना राहवेना. "पण काय गं, तुझ्या इतवारी तू इथे करशील तरी काय?"

धुरपताबाईने खाटेवर पाय वर घेतले, मांडी घातली आणि पाठ लिंबाला टेकली. तिने घाई केली नाही.

"काई नही," ती म्हणाली. "बसीन."

त्या हिवाळ्यात तिच्या वाट्याला तीन रविवार आले. तिन्ही रविवारी आम्ही सगळे गेलो. भाऊंनी वांगी जाळली, ह्यांनी हात पोळून घेतले, नेहेतेसरांनी मीठ दोनदा टाकलं. ती खाटेवर बसून होती, आणि एकदाही उठली नाही.